मध्यें उभें केलेलें मूल

(शास्त्रभाग : मार्क ९:३३–३७)



कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांमध्यें वाद झाला होता, आणि त्या वादाचा विषय आपल्या मंडळ्यांनाहि अपरिचित नाहीं : आपणांत मोठा कोण? घरीं आल्यावर प्रभूनें विचारलें, तेव्हां ते निरुत्तर झाले. मग प्रभु खालीं बसला व बाराही जणांना जवळ बोलावून त्यानें सांगितलें कीं, ज्याला पहिलें व्हावयाचें असेल त्यानें सर्वांच्या शेवटीं राहावें व सर्वांची सेवा करावी. एका वाक्यांत सारें सांगून झालें होतें. परंतु तेवढ्यानें प्रभूचें समाधान झालें नाहीं. त्यानें एक लहान मूल घेतलें, तें त्यांच्या मध्यें उभें केलें, आणि त्याला कवेंत घेतलें. जें कानांनीं ऐकविलें, तेंच त्यानें डोळ्यांनाहि दाखविलें.

त्या मुलाचें नांव शुभवर्तमानकारानें दिलेलें नाहीं. तें कदाचित् दाराशीं उभें असेल. थोरांच्या बैठकींत त्याला कोणी जागा दिली नसती, मग त्याचें मत कोण विचारणार? प्रभूनें त्याला कडेचें उचलून मध्यें आणिलें. आजच्या उपदेशाचा सारा आशय ह्या एका कृतींत आहे.

आतां आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहूं. नाताळाच्या सुमारास आपल्या मंडळ्यांत नाटिका होते. मरीया, योसेफ, मेंढपाळ, मागी लोक, हेरोद राजा हे सर्व कापडी झगे घालून येतात, आणि आपण आनंदानें पाहतों. परंतु त्या रात्रीं गांवांतलीं किती मुलें गांवांत असतात? दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीला निघतात; कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी सातारा-सोलापुराकडे, कोणी कर्नाटकांत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहांटेच्या अंधारांत आईबाप फडांत जातात, आणि कोपींत धाकट्या भावंडाला संभाळीत मोठी बहीण बसते. तिची शाळा गांवींच राहते. तेव्हां विचार करा. प्रभूच्या जन्माच्या रात्रीं घर सोडून दूर गेलेलें एक कुटुंब होतें, त्याला उताऱ्यांत जागा नव्हती. आणि रानांत रात्र काढणारे मेंढपाळ होते. आपण त्यांचीं सोंगें आणतों, आणि खरोखर घर सोडून रानांत राहिलेलीं आपलीं मुलें त्या नाटिकेंत कोठेंच नसतात.

येथें मला माझा स्वतःचा दोष कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एक मुलगा त्या हंगामापुरता आजीपाशीं गांवांत राहिला होता. तो तालमीला रोज येऊन दाराशीं उभा राही. त्याला धड वाचतां येत नव्हतें, म्हणून मीं त्याला पडदा ओढण्याचें काम दिलें, आणि ज्यांना वाचतां येत होतें त्यांना भूमिका दिल्या. नाटिका चांगली वठली. पुढल्या वर्षीं तो आईबापांबरोबर फडावर गेला. मागाहून त्याची आजी मला म्हणाली, "पाळकसाहेब, त्याला समद्यांचं बोलणं पाठ होतं, राजाचं, मेंढपाळाचं, देवदूताचंबी. रातच्याला मला म्हणून दाखवायचा." बंधूंनो, त्या दिवसापासून हें आधारवचन मला टोंचत आहे. प्रभूनें मूल कडेहून मध्यें आणिलें. मीं तें पडद्याच्या दोरीपाशीं ठेविलें.

कित्येक वडील मंडळी म्हणतील, नाटक म्हणजे तमाशा. ख्रिस्ती मनुष्याला तो शोभत नाहीं. त्यांचा आदर राखून मी विचारतों कीं, यहेज्केल संदेष्ट्यानें काय केलें? देवाच्या आज्ञेवरून त्यानें परागंदा होणाऱ्याप्रमाणें आपलें गांठोडें बांधलें, भिंतीला भगदाड पाडलें, आणि लोकांच्या देखत तें गांठोडें खांद्यावर घेऊन अंधारांत तो बाहेर पडला. शब्दांना बहिरे झालेले लोक तें पाहून तरी शुद्धीवर येतील, अशी देवाची आशा होती. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजाला प्रथम एका गरीबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा दुसऱ्याच्या अन्यायावर संतापला, आणि तेव्हांच त्याला स्वतःचा अन्याय दिसला. बरें नाटक हेंच करितें.

आपल्या भूमींतहि ही वाट जुनी आहे. गोदावरीच्या पलीकडे पैठणास एकनाथांनीं सोळाव्या शतकांत भारुडें रचिलीं, आणि ज्यांना गांवकुसाबाहेर ठेविलें होतें त्यांच्या तोंडून ज्ञान वदविलें. शेजारच्या अहमदनगरांत (२०२४ पासून अहिल्यानगर) रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं भजन-कीर्तनाला ख्रिस्ती सेवेंत मानाचें स्थान दिलें. मांग समाजांत जन्मलेले अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) ह्यांना शाळेचें शिक्षण जवळजवळ मिळालें नाहीं. तरी त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक काढलें आणि कष्टकऱ्यांचें दुःख लोकनाट्यांतून महाराष्ट्रापुढें मांडलें. त्यांचीं सर्व मतें आपण घ्यावीं असें नाहीं. परंतु ज्याला शाळेनें ओळखलें नाहीं, त्याच्यांतहि देवानें केवढें दान ठेविलेलें असतें, हें त्यांच्यावरून दिसतें. खुद्द आपल्या जिल्ह्यांतील दरडवाडी ह्या लहान गांवचे वामन केंद्रे २०१३ पासून २०१८ पर्यंत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते.

अलीकडचें उदाहरण ठाण्याचें आहे. नाटककार रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांच्या कल्पनेवरून, समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्यानें, तेथें २०१४ सालीं 'वंचितांचा रंगमंच' सुरू झाला. वस्त्यांतील मुलामुलींना त्यांनीं तयार नाटकें पाठ करावयास दिलीं नाहींत. तुमच्या जगण्यांत जें आहे तेंच तुम्ही दाखवा, असें सांगितलें. ज्यांच्याविषयीं इतर लोक बोलत असत, तीं मुलें स्वतः बोलूं लागलीं. हा भेद लहान नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवीं हें करावयास पैसा फारसा लागत नाहीं. चावडीपुढची जागा आणि एक दिवा पुरे. परंतु चार गोष्टी ध्यानांत ठेवा.

पहिली गोष्ट वेळेची. केवळ नाताळावर अवलंबून राहूं नका. हंगाम सरून टोळ्या परत येतात, त्या चैत्र-वैशाखांत नाटक बसवा. पुनरुत्थानाचा आनंद त्या वेळीं ताजाच असतो.

दुसरी गोष्ट भूमिकांची. जो दाराशीं उभा राहतो त्याला आधीं विचारा. वाचतां येत नसेल तर कागद बाजूला ठेवा. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगा आणि म्हणा, "बाळांनो, हा आपल्या गांवांत घडता तर काय बोलता?" तीं आपल्या बोलींत बोलतील, त्यांची बोली सुधारूं नका.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. कोणत्याहि मुलाला त्याची स्वतःची जखम चारचौघांत उघडी करावयास लावूं नका. पाहणाऱ्यांत मुकादम असेल, उसनवारीचा सावकार असेल, बापहि असेल. नाथानाप्रमाणें दुसऱ्याची गोष्ट रचा, जाणणारा जाणतो.

चौथी गोष्ट पाहणाऱ्यांची. ब्राझील देशाचे ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) ह्यांनीं अशी रीत घातली कीं, खेळ पेंचाच्या जागीं थांबवावा आणि पाहणाऱ्यांतून कोणी पुढें येऊन, 'मी असतों तर काय केलें असतें' तें करून दाखवावें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत (२०१९–२१) असें आढळलें कीं, आपल्या जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शंभरांत चाळीसांहून अधिक जणींचें लग्न अठरा वर्षें भरण्यापूर्वीं झालें होतें. मुलीला गांवांत एकटी कशी ठेवावी ही आईबापांची भीति खरी आहे, आणि नव्या जोडप्याचा नवा कोयता होतो हेंहि खरें आहे. तर लग्न ठरण्याच्या जागीं खेळ थांबवा, आणि एखाद्या आईला विचारा, "बाई, येथें तुम्ही काय बोलला असतां?" त्या रात्रीं जी आई चारचौघांत एकदां बोलेल, ती उद्यां घरांतहि बोलेल.

शेवटीं प्रभूच्या कृतीचा दुसरा अर्धा भाग विसरूं नका. त्यानें मूल मध्यें उभें केलें, आणि मग कवेंत घेतलें. नुसतें उभें केलें असतें, तर तें मूल शिष्यांच्या बोधाचें केवळ साधन झालें असतें. आपण टाळ्या वाजवूं, दिवा मालवूं आणि घरीं जाऊं, व तें मूल पुन्हां दाराशीं जाऊन उभें राहील, तर आपण त्याची थट्टाच केली असें होईल. म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या घरीं जा. त्याचें नांव शाळेच्या पटावर आहे काय, पुढच्या हंगामांत त्याच्यासाठीं हंगामी वसतिगृहांत जागा मिळेल काय, नाहीं तर मंडळींतील कोणा आजीच्या घरीं त्याची सोय होईल काय, हें पाहा. रविवारीं त्याला पुढच्या ओळींत बसवा. हें कवेंत घेणें आहे, आणि नाटकापेक्षां तें कठीण आहे.

ज्यानें अशा एका बालकाचा स्वीकार केला त्यानें आपलाच, आणि आपणांस पाठविणाऱ्या पित्याचा स्वीकार केला, असें प्रभु शेवटीं म्हणतो. माझ्या देवळाच्या दाराशीं एकदां तो स्वतः उभा होता, आणि मीं त्याच्या हातीं पडद्याची दोरी दिली. देव मला क्षमा करो, आणि तुम्हांला माझ्याहून लवकर दृष्टि देवो. आमेन.