मोजणाऱ्याचे माप



आरोग्य शिबिरांत हल्ली एक यंत्र असते. त्यावर अनवाणी उभे राहिले की अंगात चरबी किती टक्के हे ते सांगते. आकडा ऐकून कोणी सुखावतो, तर कोणी त्या दिवसापासून भात सोडतो. पण यंत्र चरबी मोजतच नाही. तळपायातून ते अगदी सौम्य वीजप्रवाह सोडते. पाणीदार स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्या अडथळ्याला उंची, वय वगैरे जोडून सूत्राने उत्तर निघते. पाणी कमी प्यायलेल्या माणसाची चरबी यंत्राला जास्तच दिसते!

मग सूत्र तरी तपासायचे कशावर? जिवंत माणसाची चरबी काढून तोलता येत नाही. अखेर मृतांकडेच जावे लागते. ब्रसेल्स येथे २५ मृतदेहांचे विच्छेदन करून त्वचा, चरबी, स्नायू, हाडे वेगवेगळी तोलली गेली. १९८४ साली ती वजने प्रसिद्ध झाली. त्या मृतांचे आपल्यावर ऋण आहे. पण ती शरीरे युरोपातल्या बहुतेक वयस्कर माणसांची होती.

याने काय बिघडते? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२! परक्या अंगावर बेतलेले माप आपल्याला ‘ठीक आहे’ म्हणते, आणि मधुमेह घरात शिरलेला असतो.

नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध आहे. तिथला व्यापारी लबाड आहे. इथे कोणीही लबाड नाही, तरी माप चुकते. आम्हांला हे अधिक अवघड वाटते, कारण प्रामाणिक माणसाला आपले माप तपासावे असे सुचतच नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते देवाची बुद्धी वस्तूंना मोजते; आपली बुद्धी मात्र वस्तूंकडून मोजली जाते. म्हणजे समोरच्या माणसावरून आपले मत तपासायचे. आपण नेमके उलट करतो.

बाजारातल्या काट्यालासुद्धा ठरावीक मुदतीने वैधमापन खात्याचा शिक्का घ्यावा लागतो. रविवारच्या मिस्सेला उशिरा येणाऱ्याला, नव्या सुनेला, परप्रांतातून आलेल्या भाडेकरूला आपण जे माप लावतो, ते कोणाकोणावर बेतलेले आहे? त्यात रात्रपाळी करून सकाळी घरी परतणारा एक तरी माणूस होता का?