अब्जात तीन-चार

बी-एस मेसॉन हा कण फार जगत नाही. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले दीड त्याच्या वाट्याला येतात. जीनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये तो इतक्या वेगाने निघतो की आपल्या घड्याळाने त्याचे आयुष्य ताणले जाते. सेंटिमीटरभर जातो आणि फुटतो. फुटण्याच्या वाटा शेकडो. त्यातली एक अशी, की मागे फक्त दोन म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ, उरतात; एक धन आणि एक ऋण. सिद्धांताचा हिशेब सांगतो: अब्ज बी-एस फुटले, तर त्यातले तीन-चार या वाटेने जातील.

या तीन-चारांच्या मागे माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. मला त्यात विज्ञानाचे सर्वांत देखणे रूप दिसते.

दुर्मिळच का शोधायचे? भरल्या बाजारात कुजबुज ऐकू येत नाही. रात्री दोन वाजता शेजारच्या घरातला ठिबकणारा नळही ऐकू येतो. ज्ञात नियमांनी जिथे जवळजवळ मनाई केली आहे, तिथे अज्ञात कणाने किंचित हात लावला तरी आकडा हलतो. जे कण कोलायडरच्या ताकदीबाहेर जड आहेत, तेही अशा फुटण्यात, म्हणजे क्षयात, क्षणभर डोकावून आपली खूण ठेवू शकतात.

हे पूर्वी एकदा घडले आहे. 1960च्या दशकातल्या समजुतीप्रमाणे उदासीन केऑन या कणाने दोन म्यूऑनमध्ये बऱ्यापैकी फुटायला हवे होते. तो फुटेना. 1970मध्ये ग्लॅशो, इलिओपूलॉस आणि मायानी यांनी सांगितले की क्वार्क या मूलकणांत आणखी एक, चौथा असला पाहिजे. त्याचा वाटा आणि आधीच्यांचा वाटा एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. नोव्हेंबर 1974मध्ये त्या चार्म क्वार्कची साक्ष अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांत मिळाली. न घडलेल्या गोष्टीने न दिसलेल्या कणाचा पत्ता दिला. नंतर केऑनचा तो क्षयही सापडला: अब्जात सुमारे सात.

पाहिल्याशिवाय म्हटलेले ‘नाही’ फुकट असते. पाहून म्हटलेल्याला किंमत मोजावी लागते.

बी मेसॉनच्या या जातीच्या क्षयांचा शोध 1980च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला. पुढची जवळपास तीस वर्षे प्रत्येक प्रयोगाने एकच उत्तर छापले: दिसला नाही, असलाच तर एवढ्यापेक्षा जास्त नाही. ती वरची मर्यादा हजारो पटींनी खाली आली. सगळी कारकीर्द एक मर्यादा खाली ओढण्यात घालवणाऱ्यांची नावे सहसा कोणी घेत नाही. घ्यायला हवीत.

म्यूऑनच का, याचे उत्तर सुंदर आहे. बी-एसला स्वतःची फिरकी नाही, म्हणून दोन म्यूऑनपैकी एकाला स्वभावाविरुद्ध दिशेने फिरावे लागते. तसे फिरण्याची सवलत वस्तुमानाच्या हिशेबाने मिळते. इलेक्ट्रॉन म्यूऑनहून सुमारे दोनशे पटींनी हलका, म्हणून त्याच्या वाटेने क्षय आणखी चाळीस हजार पटींनी दुर्मिळ. तिसरा भाऊ टाऊ जड, त्याची वाट म्यूऑनहून रुंद; पण तो स्वतःच लगेच फुटतो आणि त्यातून निघणारे न्यूट्रिनो हाती लागत नाहीत. म्यूऑन मात्र लोखंडाच्या जाड थरांतून पार होऊन साक्ष देतो. निसर्गाने वाट अरुंद केली, पण त्या वाटेवर साक्षीदारही ठेवला.

त्याच कोलायडरवरच्या एलएचसी-बी प्रयोगाचे जे अंग प्रोटॉनांच्या टकरीच्या अगदी जवळ असते, ते सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे होते. प्रोटॉन भरले जात असताना त्याचे दोन अर्धे बाजूला सरकत. प्रोटॉनांची शलाका स्थिर झाली की पुन्हा जवळ येत, तिच्यापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर. त्या चकत्या टकरीची जागा आणि फुटण्याची जागा यांतले अंतर सांगत. दोन म्यूऑनच्या रेषा एकाच बिंदूतून निघाल्या पाहिजेत, आणि तो बिंदू टकरीपासून दूर हवा. बहुतेक जोड्या खोट्या निघतात: दोन वेगळ्या बी मेसॉनमधून आलेला एकेक म्यूऑन, किंवा म्यूऑन भासलेला पायॉन हा दुसराच कण.

मोजणीची रीतही पाहण्याजोगी आहे. किती बी-एस तयार झाले हे थेट मोजत नाहीत. नेहमी होणारा, नीट ओळखीचा एखादा बी-क्षय मोजतात आणि त्याच्या मापाने दुर्मिळाचे माप काढतात. सामान्याची ओळख पक्की नसेल, तर असामान्य समोर येऊनही कळत नाही.

आणि एक संयम. दोन म्यूऑनवरून काढलेले वस्तुमान जिथे बी-एसच्या वस्तुमानाशी जुळते, आलेखातला तो पट्टा सुरुवातीला झाकून ठेवतात. निवडीचे सगळे निकष ठरले, तपासले, गोठवले, की मगच उघडतात. ज्याला हवे असते त्याला दिसते. म्हणून हवे असणाऱ्यानेच आधी डोळे झाकायचे.

नोव्हेंबर 2012मध्ये क्योटोच्या परिषदेत एलएचसी-बीने पहिला पुरावा मांडला. 2013मध्ये कोलायडरवरच्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाची साथ मिळाली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसमध्ये आहे. चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर बसणारा हॅड्रॉन कॅलरीमीटरचा भाग उभारण्यात तिचा हात आहे. दोन्ही प्रयोगांची माहिती एकत्र करून 2015मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला: अब्जात 2.8, खात्री 6.2 सिग्मा. मोजणीतली अनिश्चितता धरून पाहिले, तर सिद्धांताशी जुळणारा.

प्रत्येक कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या अतिसममितीच्या कित्येक आराखड्यांनी हा आकडा अनेक पटींनी मोठा मागितला होता. ते मागे पडले. ‘काही नवे मिळाले नाही’, असा निराशेचा सूर तेव्हा लागला. मला तो कधीच पटला नाही. सिद्धांताने अब्जात तीन-चार म्हणावे आणि निसर्गाने अब्जात तीनच्या आसपास द्यावेत, यात थक्क होण्यासारखे पुरेसे आहे. शिवाय प्रत्येक बंद झालेली वाट पुढच्या माणसाची वर्षे वाचवते.

बी-एसचा भाऊ बी-झिरो अजून बाकी आहे. त्याच्यात बी-एसमधल्या स्ट्रेंज क्वार्कच्या जागी डाउन क्वार्क, आणि दोन म्यूऑनची वाट दहा अब्जांत एकदा. 2015च्या त्याच निकालात त्याचा आकडा अपेक्षेच्या जवळपास चौपट भासला होता. माहिती वाढली तसा तो फुगवटा ओसरला. दोघांच्या वस्तुमानात फरक दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे आलेखात दोन्ही टेकाडे शेजारी-शेजारी, आणि धाकट्याचे अजून वर आलेले नाही. कोलायडरची वाढीव क्षमतेची आवृत्ती 2030च्या सुमारास सुरू होईल, तेव्हा त्याची मोजणी शक्य व्हावी. दोन्ही क्षयांचे गुणोत्तर पस्तीसास एक यावे असा हिशेब आहे. गुणोत्तरात सिद्धांताच्या बऱ्याच अनिश्चितता कटून जातात, म्हणून तो आकडा बी-एसच्या आकड्याहूनही कठोर परीक्षक ठरेल.