‘निष्ठापूर्वक’ कुठे ठेवायचं?

दिल्लीत सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा तर त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली डू द नीडफुल.’ पाण्याचं बिल जास्त आलेलं असो, नावाचं स्पेलिंग चुकलेलं असो की पेन्शन अडकलेली असो, शेवट हाच. नोएडातल्या सोसायटीची नोटीस आणि गुरुग्रामच्या ऑफिसातली ईमेल यांचाही सूर वेगळा नाही. या वाक्यात ‘टू’ आणि ‘डू’ यांच्या मधोमध ‘काइंडली’ ऐसपैस बसलेलं आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भाषापंडितांना नेमकं हेच खुपत असे. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांच्या ‘द क्वीन्स इंग्लिश’ या १८६४च्या पुस्तकात ही तक्रार आहे : इंग्रज माणूस ‘टू’ला त्याच्या क्रियापदापासून तोडत नाही, मग मध्ये शब्द घुसवायचाच कशाला? त्या मताचा पुढे शाळामास्तरांनी नियम केला. १९२६ साली इंग्रजी कोशकार फाउलर यांनी आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात त्याची यथेच्छ टिंगल केली, तरी तो टिकला. लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ने आपल्या लेखकांना यातून मोकळीक दिली ती थेट २०१८मध्ये. आमच्या अर्ज लिहिणाऱ्यांनी अशी परवानगी कधी मागितलीच नव्हती.

मराठी माणसाला या वादाचं मर्म चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे तोडायला फटच नाही. ‘करायला’, ‘बोलायला’ हे एकसंध शब्द. ‘नीट’ असो की ‘हळू’, आधी येऊन उभं राहतं. तरी जागेचा प्रश्न आपल्याला चुकलेला नाही. ‘नीट बोलायला शिक’ हे उर्मट पोराला सांगायचं आणि ‘बोलायला नीट शिक’ हे वक्तृत्वस्पर्धेला निघालेल्याला. (आपला ‘च’ आणि दिल्लीकरांचा ‘ही’ इंग्रजीत गेले की ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेपटाला लटकतात : ‘टुडे ओन्ली’. तो वेगळा विषय. मला मात्र ते इंग्रजी आवडतं.)

इंग्रजीत जागेची किंमत चांगलीच मोजावी लागते. एखाद्याच्या वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी ‘फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड’ लिहिलं तर त्याला काम थोडंफार तरी समजलं होतं. ‘कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड’ लिहिलं तर काहीच समजलं नव्हतं. शब्द तेच, फक्त एक जागेवरून उठून दुसरीकडे बसला आणि तेवढ्यात पगारवाढ गेली. आल्फर्डचा नियम पाळायचा तर पहिलं वाक्य लिहिताच येत नाही.

या नियमाच्या धाकाचा सर्वांत जाहीर फजितवाडा २० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना शपथ देत होते, पाठांतरावर. अमेरिकेच्या संविधानात ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ असे शब्द आहेत. रॉबर्ट्स यांनी ‘फेथफुली’ मधून उचललं आणि वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवलं. ओबामा थबकले. रॉबर्ट्स यांनी सावरायचा प्रयत्न केला, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी नंतर लिहिलं की क्रियापदाच्या मध्ये शब्द येऊ द्यायचा नाही, ही न्यायमूर्तींची जुनी खोडच इथे नडली. येथे ‘टू’ नव्हतं, ‘विल’ होतं. पण सोवळं एकदा सुरू झालं की ते कुठवर पसरेल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारीला, व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ पुन्हा घेतली गेली. कारण दिलं ते जादा खबरदारीचं. एका क्रियाविशेषणाची जागा चुकली म्हणून राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्यांदा हात वर करावा लागला.

आपल्या संविधानाच्या कलम ६० मधली राष्ट्रपतींची शपथ इंग्रजीत वाचली तर तिच्यातही ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ हेच शब्द, याच क्रमाने आहेत. २५ जुलै २००७ रोजी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या त्या याच कलमानुसार शपथ घेऊन. आता या वाक्यातून ‘फेथफुली’ काढून पाहा. वाक्य पडत नाही. व्याकरणाच्या हिशेबात क्रियाविशेषण बिनकामाचं. कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी ठणठणीत उभे राहतात. फक्त मग ती शपथ राहत नाही, कामाचं वर्णन उरतं. पद सांभाळीन एवढं सांगायला शपथ कशाला हवी? खुर्चीवर बसलेला प्रत्येकजण ती सांभाळतोच, बहुतेक जरा जास्तच सांभाळतो. माणूस जे वचन देतो ते त्या एका काढून टाकता येण्याजोग्या शब्दात असतं.

मराठी शपथेत तर अशा शब्दांची रांगच आहे. मंत्री आपली कर्तव्यं ‘निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने’ पार पाडणार, आणि लोकांशी ‘निर्भयपणे व निःस्पृहपणे’ वागणार. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या इंग्रजी मसुद्यात या ठिकाणी भय आणि मेहेरबानी यांच्याशिवाय, अशी नामं आहेत. काय नसावं ते तिथे सांगितलं आहे. मराठी करणाऱ्याने त्यांची दोन क्रियाविशेषणं केली आणि वागायचं कसं ते सांगितलं. मला मराठी उजवं वाटतं. शपथविधी टीव्हीवर पाहताना मात्र ऐकण्यासारखं असतं ते हे, की स्वतःचं नाव घेताना आवाज चढतो आणि ‘निर्भयपणे व निःस्पृहपणे’ येईपर्यंत गाडी भलत्या वेगात असते.

दिल्लीतच घडलेली आणखी एक गोष्ट. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. त्यात संविधान सभा आपला दृढ आणि गंभीर निर्धार जाहीर करते, अशी रचना होती. म्हणजे निर्धार हे नाम आणि गंभीर हे त्याचं विशेषण. सभेकडे असलेली एक वस्तू. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीचा मसुदा १९४८च्या फेब्रुवारीत आला तेव्हा उद्देशिकेत कर्ता बदलून ‘आम्ही भारताचे लोक’ झाला होता आणि विशेषणाचं क्रियाविशेषण झालं होतं : ‘हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ह्ड’. निर्धार आता कुणाकडे ठेवलेला नव्हता, कुणीतरी तो केला होता. पुढे ‘टू’ लावून कामं येतात, देश घडवायचं, न्याय मिळवून द्यायचं, बंधुता वाढवायची. पण ‘सॉलेम्नली’ त्या कामांच्या मध्ये कुठे शिरलं नाही. ते ‘रिझॉल्व्ह्ड’ला चिकटून राहिलं. मराठीत क्रम उलटा. आधी सगळी कामं एकापाठोपाठ येतात आणि ‘संकल्पपूर्वक’ शेवटपर्यंत वाट पाहत थांबतं, ‘निर्धार करून’ आलं की त्याच्या शेजारी उभं राहतं. शाळेत उद्देशिका म्हणताना मुलांचा श्वास नेमका तिथवर संपत आलेला असतो.

हे ‘सॉलेम्नली’ आज दिल्लीत कुठेही मिळतं. तीस हजारी किंवा पटियाला हाउस कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात, त्यांच्याकडे प्रतिज्ञापत्राचा मजकूर तयार असतो : ‘डू हियरबाय सॉलेम्नली अफर्म अँड डिक्लेअर’. मार्कशीट हरवली, लग्नानंतर नाव बदललं, शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला, सगळ्याला तोच शब्द. महाराष्ट्रात त्याच जागी ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ असतं; तिथेही ते कुणी मुद्दाम लिहीत नाही, ते असतंच. टायपिस्ट विचारतो नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता आणि कामाचं स्वरूप. गांभीर्यपूर्वक की कसं, हे विचारायची पद्धत नाही. एखाद्याने म्हटलं, भाऊसाहेब, एवढा शब्द खोडा, मी अजून तितका विचार केलेला नाही, तर नोटरी त्या कागदावर शिक्का मारणार नाही.