छायेचा अधिकार : अतिसंस्कारित छायाचित्र आणि अभिरुचीचा प्रश्न

छायाचित्रण ही कला आहे की नाही, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारीत नाही. त्याची जागा एका अधिक अवघड प्रश्नाने घेतली आहे. छायाचित्रावर कोणता आणि किती संस्कार केला असता ते अभिरुचिसंपन्न कलाकृती म्हणून टिकते, आणि कोणत्या टप्प्यावर ते केवळ डोळे दिपविणारी वस्तू होऊन बसते? 'हाय डायनॅमिक रेंज', संक्षेपाने 'एचडीआर', ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राने हा प्रश्न तीव्र केला आहे. नाशिकचा गोदाघाट, काळारामाचे मंदिर, २०१५ च्या सिंहस्थातील पर्वणी ह्यांची अशा पद्धतीने घडविलेली चित्रे आपल्या परिचयाची आहेत. आकाश गडद जांभळे, घाटाच्या पायरीपायरीचा चिरा कोरून काढल्यासारखा, पाणी निळेशार, दिव्याभोवती सोनेरी वलय. ही चित्रे अनेकांना मनापासून आवडतात. जाणकार मात्र त्यांना 'भडक' म्हणून मोडीत काढतात. ह्या दोन्ही प्रतिक्रियांमागील गृहीतके तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम तंत्राचे स्वरूप थोडक्यात पाहू. भर दुपारचे अंगण आणि त्याच अंगणातून दिसणारा गाभारा ह्यांच्या उजेडात हजारो पटींचे अंतर असू शकते. एवढे अंतर कॅमेऱ्याला एका वेळी पेलत नाही. छापील कागदाला तर त्याहून कितीतरी कमी पेलते. म्हणून एकाच दृश्याची कमीअधिक प्रकाशातील अनेक चित्रे घ्यायची, त्यांतून प्रत्येक बिंदूच्या तेजाचे माप काढायचे, आणि मग ती सर्व मापे कागदाच्या किंवा पडद्याच्या मर्यादित पल्ल्यात दाबून बसवायची, अशी ही प्रक्रिया आहे. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक ह्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने तिला संगणकीय पाया दिला. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, माप काढणे हा गणिताचा भाग आहे, तर दाबून बसविणे हा निवडीचा. कोणता उजेड किती उतरवायचा आणि कोणता अंधार किती उचलायचा, ह्याचे उत्तर गणित देत नाही. अभिरुचीचा प्रश्न ह्या दुसऱ्या पायरीवर उपस्थित होतो.

ह्या चित्रांवरील पहिला आक्षेप सत्याच्या नावाने घेतला जातो : ती 'खरी' नाहीत. हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे ह्याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्र आणि आकाश ह्यांच्या वेगवेगळ्या काचा जोडून एक चित्र सिद्ध केले, कारण दोहोंचा उजेड एका काचेवर मावत नव्हता. अन्सेल अ‍ॅडम्सची कृष्णधवल निसर्गचित्रे म्हणजे शुद्ध छायाचित्रणाचा आदर्श मानली जातात. पण तीही अंधाऱ्या खोलीत कागदाचा एखादा भाग झाकून, एखादा अधिक उजळवून घडविलेली आहेत. नाशिककरांना तर ह्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके ह्यांनी छायाचित्रण आणि रंगीत छपाई हे दोन्ही व्यवसाय केले होते. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) ह्या त्यांच्या चित्रपटांनी प्रेक्षकांना जिंकले ते कॅमेऱ्याच्या करामतींच्या बळावर. त्या करामतींना कोणी असत्य म्हटले नाही. पुराणकथेचे जग आपण पाहत आहोत, हा करार चित्रकर्ता आणि प्रेक्षक ह्यांच्यात आधीच झालेला होता. तेव्हा संस्कार हाच दोष, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप भडकपणाचा. हा शब्द निर्णयासारखा वापरला जातो. वस्तुतः तो बहुधा ओळखपत्रासारखा असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ह्याने १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अभिरुचीचे निवाडे वर्गांमधील अंतर राखण्याच्या कामी कसे येतात, हे साधार दाखविले आहे. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या मुद्रणालयाने हेच अनुभवले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेल्या ह्या छापखान्यातील देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी देव्हाऱ्यात गेली. कलासमीक्षेने मात्र त्यांच्याकडे बराच काळ नाक मुरडूनच पाहिले. म्हणून 'भडक' हा शब्द उच्चारण्यापूर्वी आपण रंगाविषयी बोलत आहोत की माणसांविषयी, हे स्वतःला विचारून घेणे समीक्षकाला बंधनकारक आहे.

रंगाची तीव्रता स्वतः दोषास्पद नसते, ह्याचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. वणीच्या गडावरील सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढत गेले. २०२२ मध्ये संवर्धनाच्या कामात ते उतरविण्यात आले आणि पाषाणातील मूळ रूप दिसू लागले. शेंदराइतका प्रखर रंग दुसरा क्वचितच असेल. तरी त्या शेंदरी रूपाला अभिरुचिहीन म्हणण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. शेंदूर रूप झाकतो हे खरे; परंतु तो अर्पण केलेला असतो, आणि तो थर आहे हे अर्पण करणाऱ्याला व पाहणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. पाषाणच मुळात शेंदरी आहे असा दावा तेथे नसतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याची जी कल्पना मांडली तिच्या प्रकाशात पाहिले, तर तीव्रता उचित की अनुचित हे तिच्या मात्रेवर ठरत नाही, स्थानावर आणि प्रयोजनावर ठरते.

मग अतिसंस्कारित छायाचित्रात खटकते ते नेमके काय? बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती लावताना संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मानली. त्यांच्या उपपत्तीवर घेतले गेलेले आक्षेप सर्वश्रुत आहेत. तरी आपल्या प्रश्नापुरती ती उपयोगी पडते. एचडीआरच्या अतिरेकात विरोध हे तत्त्व दोन पातळ्यांवर वेगवेगळे वागते. काठाकाठाशी, चिऱ्याचिऱ्याशी तो अतोनात वाढविला जातो. संपूर्ण चित्राच्या पातळीवर मात्र तो नाहीसा होतो. प्रत्येक भाग ओरडतो आणि म्हणून कोणताच ऐकू येत नाही. जेथे मोठा विरोधच उरलेला नाही तेथे समतोल कशाचा साधायचा? अशा चित्राला रंग अधिक झालेला नसतो. त्याला अंधार कमी पडलेला असतो.

पांडवलेण्यातील अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहा. दर्शनी कमानीतून येणारा उजेड आतील स्तूपापर्यंत पोचेतो क्षीण होत जातो, आणि खांबांच्या मागील जागा जवळजवळ काळोखात राहते. हा काळोख त्या वास्तूतील उणीव नव्हे. खडक खोदणाऱ्यांनी जसा दगड कोठे राखायचा हे ठरविले, तसा काळोखही राखला, असे त्या रचनेकडे पाहून म्हणता येते. तेथील कोपरान्‌कोपरा सारखाच उजळून दाखविणारे चित्र माहिती अधिक देते आणि वास्तू कमी दाखविते. झिजलेल्या शिलालेखाची अक्षरे वाचण्यासाठी असे चित्र घेतले तर ते निःसंशय उपकारक आहे. तेथे प्रयोजन वाचनाचे आहे. आस्वादासाठी तेच चित्र पुढे केले, तर त्याने आस्वाद्य वस्तूचा एक घटकच काढून टाकलेला असतो. आपल्या भाषेने ह्या कलेला 'प्रकाशचित्र' हे नाव देऊन पाहिले, पण रुळले ते 'छायाचित्र'. छायेचा हा अधिकार शब्दापुरता नाही.

ह्यावर एक वजनदार प्रतिवाद आहे. मानवी डोळा कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी मोठा पल्ला सामावून घेतो. अंगणही पाहतो आणि गाभाराही पाहतो. तेव्हा एचडीआर चित्र हेच प्रत्यक्ष पाहण्याच्या अधिक जवळचे नव्हे काय? युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो काळाला विसरतो. डोळा हे सारे एका क्षणी पाहत नाही. उन्हातून काळारामाच्या मंदिरात शिरणाऱ्याला काही काळ नीट दिसत नाही; तो थांबतो, डोळे सरावतात, आणि मग समईच्या उजेडात काळी मूर्ती हळूहळू आकार घेते. दर्शन ह्या शब्दात हे थांबणे अंतर्भूत आहे. क्रमाने घडणारे अतिसंस्कारित चित्र एकदम समोर मांडते, आणि क्रम गाळते. एरवीचे छायाचित्रही क्षणाचेच असते. पण त्यातील काळोख, येथे अजून दिसायचे आहे, हे सुचवून तो काळ राखून ठेवतो.

येथवर आपण रूपाविषयी बोललो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) ह्या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना स्वायत्तता आणि लौकिकता अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते, असे प्रतिपादन केले. छायाचित्राला तर लौकिकतेचा ध्रुव सोडताच येत नाही, कारण समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचा तो ठसा असतो. पाहणारा त्याच्याकडे, इतर काही नाही तरी, साक्ष म्हणून पाहतो. फाळक्यांच्या कालियाच्या डोहाविषयी कोणी साक्ष मागत नव्हते. रामकुंडाच्या छायाचित्राविषयी ती न मागताही मिळते, असे मानले जाते. रामकुंड परिसरातील पात्राचे काँक्रिटीकरण, नदीत मिसळणारे सांडपाणी, पाणवेली ह्यांवरून नाशिकमध्ये दीर्घकाळ वाद चालू आहे; २०१२ मध्ये गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला. अशा नदीचे पाणी चित्रात निळेशार होते तेव्हा तो केवळ रंगाचा अतिरेक राहत नाही. कोणी खोटे बोललेले नसते, आणि तरी नदीविषयीची तक्रार मात्र अनाठायी वाटू लागते. अभिरुचीचा प्रश्न येथे नीतीच्या प्रश्नाला येऊन मिळतो. शेंदराचा थर थर म्हणून ओळखू येतो. हा निळा थर पाणी म्हणून खपतो.

आणि तो कोणी चढविला, हेही आता सांगता येत नाही. २०१० नंतर हे तंत्र मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यांत आले, आणि आज बहुतेक फोन ते आपोआप वापरतात. बटण दाबणाऱ्याने काहीच ठरविलेले नसते. सावली किती उचलायची, आकाश किती गडद करायचे हे दूर कोठेतरी, कोट्यवधींना एकदम आवडावे अशा बेताने, आधीच ठरलेले असते. संगणकापुढे बसून रंग चढविणाऱ्या हौशी छायाचित्रकाराशी वाद घालता येतो. त्याने निवड केलेली असते आणि ती त्याला समर्थनीय वाटते. निवडच न करता मिळालेल्या चित्राला सुरुचिपूर्ण किंवा अरुचिपूर्ण म्हणणेही अवघड आहे. ज्याला आपण अभिरुची म्हणतो ती पसंती नव्हे. पसंतीची जबाबदारी घेण्याची तयारी आहे.

तेव्हा अतिसंस्कारित छायाचित्र ही अभिरुचिसंपन्न कला होय की नव्हे, ह्याचे सरसकट उत्तर देणे योग्य होणार नाही. संस्कार आहे म्हणून ते त्याज्य ठरत नाही, लोकांना आवडते म्हणून सवंग ठरत नाही, आणि पुष्कळ दाखविते म्हणून श्रेष्ठही ठरत नाही. अशा चित्रापुढे उभे राहून दोन गोष्टी विचारता येतील : ह्यात काय न दाखविण्याचे ठरविले आहे, आणि जो थर चढविला आहे तो थर म्हणून ओळखू येतो काय? ज्या चित्रांपाशी ह्या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यांचे रंग कितीही तीव्र असोत, त्यांच्याशी समीक्षेने कलाकृती म्हणूनच बोलावे. ज्यांच्यापाशी ती नाहीत, त्यांच्याविषयी 'भडक' हा शब्द अपुरा आहे. त्यांच्यातील उणीव रंगाची नसून निर्णयाची आहे. गोदाघाटाचे असे चित्र उद्या समोर आले, तर आकाशाच्या जांभळेपणावर तुटून पडण्याआधी पाण्याकडे पाहिलेले बरे.