खोल गेलेलं लोखंड

शांत बसा. जमलं तर पालीच्या किनाऱ्यावर, नाहीतर जिथे आहात तिथेच, पाठीला आधार घेऊन. मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावं किनाऱ्याला धरून वसली आहेत. वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, वाऱ्याला त्यांचा वास असतो. समोर समुद्र. त्याच दिशेने सुमारे 160 किलोमीटर गेलं की मुंबई हाय लागतं. तिथे 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने समुद्राच्या तळाला भोक पाडलं आणि तेल लागलं. पाठीशी डोंगरी गावचा खडक आहे. पुढे तेलासाठी, मागे पाण्यासाठी, माणूस जमिनीत अरुंद भोकं पाडत आला आहे. असं काम जिथे चालतं तिथे कधी ना कधी एखादं लोखंड खाली राहतं.

आज मन त्या खाली राहिलेल्या लोखंडापाशी न्यायचं आहे. ते वर कसं आणतात, हे एकेक पायरीने पाहायचं आहे. वाचता वाचता जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा. घाई नाही.

आधी भोक नजरेसमोर आणा. घरामागचं साधं बोअर घ्या, साडेसहा इंच रुंदीचं. हाताची वीत पसरून पाहा. बोअर तुमच्या वितीहून अरुंद आहे. आता मनाने त्यात उतरा. वरचे काही फूट केसिंग पाईप आहे, मातीचा ढासळ थोपवून धरणारा. मग मुरूम. मग कातळ. डोंगरीच्या परिसरातला हा खडक रायोलाइट जातीचा, वय सव्वासहा कोटी वर्षांच्या आसपास. दख्खनच्या लाव्हाचा मोठा पूर ओसरत आल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात तो तयार झाला. पन्नास फूट, शंभर फूट, दीडशे. वर पाहिलंत तर उजेडाचा एक ठिपका उरला आहे. सह्याद्रीत कोयनेजवळ गोठणे इथे भूकंपांच्या अभ्यासासाठी असंच एक भोक 2017 साली 3 किलोमीटर खोल गेलं. त्यात आधी 1,247 मीटर नुसता बेसॉल्ट लागला आणि मग ग्रॅनाइट. तीन किलोमीटर असो की तीनशे फूट, एक गोष्ट सारखीच: आत हात जात नाही, डोळा जात नाही. जे काही करायचं ते वरून, लांबून आणि अंदाजाने.

एक श्वास घ्या आणि त्या अंधाराची सवय होऊ द्या.

आता मोटार पाहा. लांबट, सडपातळ, पाण्यात बुडून चालणारी. वीस-वीस फुटांचे लोखंडी पाईप एकमेकांत आट्यांनी बसवून त्यांच्या टोकाला ती टांगलेली असते. पाईपला बांधलेली केबल सोबत उतरते. शहाण्या घरात मोटारीला बांधलेला एक जाड दोरही असतो. पाईपच्या जोडापाशी आटे पाडलेले असतात, म्हणजे तिथली भिंत आधीच पातळ झालेली असते. समुद्राजवळच्या बोअरात उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं, आणि खारं पाणी ही पातळ जागा आधी खातं. मोटार सुरू होताना दर वेळी एक हिसका बसतो. वर्षानुवर्षं हे हिसके त्याच जागी बसतात. एके दिवशी जोड सुटतो. मोटार तळाला जाते, केबल तुटून तिच्यावर वेटोळी होऊन पडते. वर मात्र एवढंच कळतं की नळाचं पाणी थांबलं.

इथे थांबा आणि वर उभ्या असलेल्या माणसाचं मन पाहा. पहिली उर्मी ओढण्याची असते. दोर हाती लागला तर सगळ्यांनी मिळून ओढायचं. दोर नसेल तर लोखंडी आकडा सोडायचा आणि काही लागेपर्यंत हापसत राहायचं. ही उर्मी वाईट नाही. घरात पाणी नाही, मोटारीला पैसे पडले आहेत, जीव तिच्यात अडकला आहे. पण खाली काय घडतं ते पाहा. आकडा केबलवर आपटतो, केबल चेपून पाईपच्या तोंडावर बुचासारखी बसते. जोराने ओढलेला दोर तुटतो आणि तोही मोटारीवर जाऊन पडतो. भिंतीचा चुरा खाली झडतो, मोटारीभोवती गाळ घट्ट होतो. सकाळी जे मोकळं उभं होतं ते संध्याकाळपर्यंत रुतलेलं असतं. वस्तू पडल्यामुळे जेवढी दूर जाते, तेवढीच आपल्या धडपडीनेही दूर जाते.

तुमच्या मनात आत्ता एखादी गोष्ट आली असेल, जिला तुम्ही असंच ओढायला गेला होतात. एखादं तुटलेलं बोलणं असेल, दुरावलेला भाऊ असेल. तिला नाव देऊ नका, निवाडा करू नका. ती तिथे आहे, खाली आहे, एवढं मान्य करा आणि पुढे चला.

जाणता कारागीर आला की तो आधी बोअरला हात लावत नाही. तो प्रश्न विचारतो. किती पाईप सोडले होते? वर किती आले? बोअर किती खोल? समजा बोअर तीनशे फूट आहे, पाईप बारा होते, सात वर आले. म्हणजे खाली पाच राहिले, शंभर फूट. मोटारीची लांबी साधारण चार फूट. सगळं तळाला टेकून उभं असेल तर तुटलेलं वरचं टोक एकशे शहाण्णव फुटांवर असायला हवं. मग तो वर आलेल्या शेवटच्या पाईपचं तुटकं टोक हातात घेतो आणि त्यावरून अंगठा फिरवतो. आटे झिजून जोड निसटला आहे, की पाईप चिरून फाटला आहे? वरच्या तुकड्याची जखम आणि खालच्या तुकड्याची जखम एकमेकींच्या जोडीच्या असतात. जे हाती उरलं आहे त्यावरूनच जे गेलं त्याचा चेहरा कळू लागतो.

हा अंगठा मनात धरून ठेवा. तोडून नेणाऱ्या क्षणानंतरही आपल्या हाती काहीतरी उरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा आपण त्याच्याकडे पाहतही नाही.

यानंतरची पायरी या सगळ्या कामाचा गाभा आहे. आज बोअरमध्ये कॅमेरा सोडता येतो, पण पाणी गढूळ असेल तर कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. तेव्हा जुनीच रीत कामाला येते. पाईपच्या टोकाला शिशाचा, मेणाचा किंवा साबणाचा ठोकळा बसवून तो हळूहळू खाली सोडायचा. अपेक्षित खोली जवळ आली की आणखी सावकाश. टेकला की त्यावर वजन येऊ द्यायचं, एकदाच. पुन्हा उचलून टेकवायचं नाही, कारण दुसरा ठसा पहिल्यावर पडला की दोन्ही वाचता येत नाहीत. मग तितक्याच सावकाश वर घ्यायचा आणि उजेडात उलटा धरायचा. पेढ्यावर अंगठा उमटावा तशी त्या मऊ शिशावर खालची गोष्ट उमटलेली असते. पूर्ण गोल वर्तुळ असेल तर पाईप मधोमध सरळ उभा आहे. चंद्रकोर असेल तर तो भिंतीला टेकून कलला आहे. आडव्या-तिरक्या रेघा असतील तर आधी केबल काढावी लागेल. ठसाच नसेल, नुसती वाळू चिकटून आली असेल, तर वर गाळ बसला आहे आणि तो आधी उपसायला हवा.

इथे बराच वेळ थांबा. एकदाच टेकणं आणि काही न मागता परत येणं: या पायरीत काहीच वर येत नाही. कुणी बघणारा म्हणेल, अर्धा दिवस गेला आणि काम काय झालं? पण जाणत्याला ठाऊक असतं की बाकीचं सगळं काम या अर्ध्या दिवसावर उभं आहे. जे दिसत नाही त्याला पकडण्याआधी ते कसं पडलं आहे हे त्याच्याचकडून समजून घ्यावं लागतं. आपण पडलेल्या गोष्टीपाशी बहुतेक वेळा आपली समजूत घेऊन जातो. कारागीर मऊ शिसं घेऊन जातो.

आता कुठे हत्यार निवडायचं. पाईप मधोमध उभा असेल तर त्यावर टोपीसारखी बसणारी, आतून आटे असलेली घंटा सोडतात. ती फिरवली की खालच्या पाईपवर स्वतःच आटे पाडत घट्ट बसते. बाहेरून जागा नसेल तर निमुळतं, आट्यांचं टोक पाईपच्या पोटात घालतात. केबलसाठी काटेरी आकडा, बारीक लोखंडी तुकड्यांसाठी लोहचुंबक. चीनमधल्या झिगाँग इथे मिठाच्या पाण्यासाठी बांबूच्या दोरांनी विहिरी खोदत. तिथली शेनहाय विहीर 1835 साली हजार मीटरच्या पलीकडे गेली. त्या कारागिरांनी हरवलेली हत्यारं काढण्यासाठी हत्यारांचा एक अख्खा संसार घडवला होता. प्रत्येक वेगळ्या पडण्यासाठी वेगळी पकड. वाफेचं इंजिन नसताना, वीज नसताना, डोळ्यांना न दिसणाऱ्या खोलीत त्यांनी एवढा विचार पोचवला, हे आठवलं की त्या हातांविषयी आदर दाटून येतो.

पकड बसते तेव्हा काय होतं ते पाहा. तिपाईवरची चेनकप्पी हळूहळू ओढली जाते. कारागिराचा एक हात पाईपवर असतो. आधी फक्त आपल्याच पाईपांचं वजन. मग साखळी ताणते, तिपाईचे पाय जमिनीत किंचित रुततात, हाताला खालचा भार जाणवतो. कुणी ओरडत नाही. थोडं ओढायचं, थांबायचं, गाळाला सुटायला वेळ द्यायचा. एक पाईप वर आला की क्लॅम्प घट्ट करायचा, मगच वरचा तुकडा सोडवायचा. क्लॅम्प आवळल्याशिवाय आटा सोडायचा नाही, मग शेवटचाच पाईप का असेना. मिळालेली गोष्ट पुन्हा पडते ती बहुतेक वेळा वर येता येताच, हात सैलावल्यावर.

कधी कधी या कामावर माणसांचे जीव टांगलेले असतात. 2010 च्या ऑगस्टमध्ये चिलीतल्या सॅन होसे खाणीत 33 कामगार जवळपास 700 मीटर खाली अडकले. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी वरून भोक पाडलं जात होतं. वाटेत खाणीतल्या लोखंडी सळ्यांवर आदळून भोक पाडणारा हॅमर फुटला, तुकडे 268 मीटरवर अडकले, काम ठप्प झालं. लोहचुंबक सोडला, जमलं नाही. मग खालच्या कडेला दात कापलेली एक नळी सोडली. वरून दाब दिल्यावर ते दात आत वळले आणि मुठीसारखे मिटले. मुठीत लोखंड आलं, भोक मोकळं झालं. 13 ऑक्टोबरला 33 जण वर आले. फुटलेल्या लोखंडापाशी शांत डोक्याने बसलेल्या माणसांचाही त्या सुटकेत वाटा आहे.

आणि कधी वर काहीच येत नाही. रशियातल्या कोला इथे 1984 साली भोक 12 किलोमीटर खोल गेलेलं असताना नळ्यांची माळ तुटली आणि तिचा सुमारे 5 किलोमीटरचा तुकडा खाली राहिला. त्या माणसांनी तो तिथेच सोडला, सुमारे 7 किलोमीटरवरून बाजूने नवी वाट काढली आणि 1989 साली 12,262 मीटर गाठले. सोडून देणं हाही या विद्येचाच एक भाग आहे. पण सोडून देणं म्हणजे उघडं टाकणं नव्हे. मोटार निघाली नाही म्हणून निकामी झालेलं बोअर तसंच ठेवलं, तर ते तोंड वासून लहान लेकराची वाट पाहत राहतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट सांगितलं आहे की निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकावं. ज्याची आशा सोडली त्याचीही जबाबदारी सुटत नाही. हे वाक्य मनात दोनदा म्हणा.

शेवटी त्या क्षणाकडे या, जेव्हा काहीच हरवलेलं नव्हतं. चांगल्या बोअरवर एक वही असते. खाली जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची लांबी, जाडी, आतला-बाहेरचा व्यास, पाईप किती, दोर कसला, तारीख कोणती, सगळं सोडण्याआधी मोजून लिहिलेलं. उद्या काही तुटलं तर कारागिराला पहिला आधार या वहीचा असतो. तिच्यावरून घंटेचं माप ठरतं, तिच्यावरून टोकाची खोली कळते. ज्याने सोडण्याआधी मोजलं नाही, त्याला पडल्यावर सगळंच चाचपडावं लागतं.

म्हणजे वर आणण्याचं काम हरवण्याच्या आधी सुरू होतं. ज्या वस्तूंवर आणि ज्या माणसांवर आपलं रोजचं पाणी अवलंबून आहे, ती हाताशी असताना किती जणांकडे आपण असं मोजून, नीट पाहिलेलं असतं? आईला कुठल्या गोष्टीची धास्ती वाटते, मित्र कशाने गप्प होतो, हे ती माणसं दूर गेल्यावर नाही, आज जवळ असताना कळून घ्यायचं असतं. तेवढं पाहून ठेवलं तर उद्या काही तुटलंच, तरी पकड कुठे बसेल याचा अंदाज आपल्यापाशी असेल.

डोळे उघडा. घरी बोअर असेल तर आज पाईपांची संख्या, खोली आणि मोटारीचं माप एका वहीत लिहा, मोटारीला दोर आहे की नाही ते तपासा, आणि ती वही घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा. मग घरातल्या एका माणसाशेजारी जाऊन बसा, त्याला विचारा आणि त्याचं बोलणं पुरतं ऐका.