किल्ली कुणी अडकवली?



आजचे श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातले, १३ ते १६. खरं तर हे गेल्या बुधवारीच यायला हवे होते. लिहायला बसलोही होतो. पण आदल्या रात्री घरात जे झालं, त्यानंतर या श्लोकांवर शहाणपणाचं काही लिहायचं तोंड मला उरलं नव्हतं. म्हणून मधले दिवस कोरे गेले. काही जणांनी विचारपूस केली, त्यांना "ऑफिसचं काम" असं सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

मंगळवारी संध्याकाळी बाबा गाडी घेऊन मंडईत गेले होते. साडेसातला परत आले, बिल्डिंगखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि किल्ली निघेना. आमच्या गाडीत किल्ली एसीसीवरून लॉकला आणताना किंचित आत दाबावी लागते. दाबून फिरवली तरच ती शेवटच्या खाचेपर्यंत जाते, आणि तिथे पोहोचली तरच बाहेर येते. एक केसभर अलीकडे राहिली तरी निघत नाही. बाबांनी ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं, मग मला फोन केला. मी ऑन-कॉल होतो, आमची एक सर्व्हिस पडली होती, कॉलवर बारा माणसं. मी फोन कट केला. दहा मिनिटांनी परत आला, परत कट केला.

किल्ली आत ठेवून गाडी सोडून वर कसं यायचं, म्हणून बाबा गाडीतच बसून राहिले. पार्किंगमधली ट्यूब गेले चार दिवस बंद होती. अंधारात, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन, सव्वा तास. नऊच्या सुमाराला बायको म्हणाली, "अहो, बाबा अजून आले नाहीत," तेव्हा मी खाली गेलो.

आणि खाली जाऊन मी काय केलं? किल्लीचं डोकं जरासं वाकलेलं दिसलं. मी म्हणालो, "एवढा जोर कशाला लावलात? शंभर वेळा सांगितलंय, आत दाबून फिरवायची!" आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. "आता बास झालं तुमचं गाडी चालवणं. किल्ली उद्यापासून माझ्याकडे." वॉचमन शेजारी उभा होता. बाबा ७१ वर्षांचे आहेत. ते काही बोलले नाहीत, पिशवी घेऊन जिन्याकडे गेले. लिफ्ट चालू होती तरी.

किल्ली मलाही निघाली नाही, हे सांगायला हवं.

सकाळी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. त्याने किल्लीला लटकलेला जुडगा एका हाताने उचलून धरला, अंगठ्याने किल्ली आत दाबली, हलकेच डावी-उजवीकडे थरथरवल्यासारखी केली आणि फिरवली. मिनिटभरात बाहेर. मग ती उजेडात धरून म्हणाला, "ही ओरिजिनल नाही ना साहेब?"

नव्हती. ओरिजिनल दोन होत्या. एक मी दोन वर्षांपूर्वी ट्रेकला हरवली. उरलेली बाबांची, रोजच्या वापराने झिजलेली. तीच चावीवाल्याकडे नेऊन मी डुप्लिकेट करून आणली. त्या मशीनवर एका बाजूला जुनी किल्ली लावतात, तिच्या कडेवरून एक टोक फिरतं आणि दुसऱ्या बाजूला कटर तसाच्या तसा आकार नव्या किल्लीत उतरवतो. म्हणजे झीजसुद्धा कॉपी होते, वर मशीनची थोडी चूक. आणि त्यातली त्यातल्या त्यात बरी किल्ली मी स्वतःकडे ठेवली होती.

लॉकच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्यांची एक रांग असते, प्रत्येकीच्या मागे बारीक स्प्रिंग. किल्लीच्या दातांनी सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या की लॉक फिरतं. एखादी जरा वर-खाली राहिली की अडकलं. जुडग्याचं वजनही त्यावर सतत ओढ देत राहतं. आमच्या जुडग्यात फ्लॅटची किल्ली, तिजोरीची, गॅलरीच्या कुलपाची आणि गणपतीची पितळी मूर्ती. (ती मीच आणली होती, बाबांच्या वाढदिवसाला.) शिवाय पावसाळ्यात किल्ली जड जाते म्हणून मी आत तेल मारलं होतं. गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारला. तेलाला धूळ चिकटते आणि आत चिखल होतो. तिथे कोरडी ग्रॅफाइट पावडर टाकायची असते. आणि किल्ली नवी करायची तर जुनीवरून नाही, गाडी घेताना मिळालेल्या नंबराच्या पट्टीवरून. ती पट्टी आमच्या ड्रॉवरमध्ये गाडीच्या कागदांत पडून होती.

आता श्लोकांकडे येतो. भगवंत म्हणतात की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, आणि हे सांख्यशास्त्रात सांगितलेलं आहे. अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडतं ती जागा, हे शरीर. कर्ता. करण, म्हणजे साधनं, इंद्रियं. नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे हालचाली. आणि पाचवं दैव. देहाने, वाणीने, मनाने माणूस जे काही करतो, बरं असो की वाईट, त्यामागे हे पाचही असतात. आणि सोळाव्या श्लोकात स्पष्ट सांगितलं आहे: असं असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कार न झालेली आहे, तो बघत असूनही बघत नाही.

हा श्लोक आपण नेहमी स्वतःच्या यशाच्या बाबतीत वाचतो. "मी केलं" म्हणू नये, अहंकार नको, वगैरे. मीही तसाच वाचत आलो. त्या रात्रीनंतर पहिल्यांदा लक्षात आलं की तो दुसऱ्याच्या चुकीलाही तेवढाच लागू आहे. "हे तुम्ही केलंत" असं मी बाबांना म्हणालो, तेव्हा पाचातली चार कारणं खोडून एकट्या कर्त्याकडे बोट दाखवलं. झिजलेली किल्ली, तेलाचा चिखल, जुडग्याचं वजन ही सगळी साधनं. भाष्यकार दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता असा अर्थ देतात, डोळ्याला सूर्य वगैरे. आमच्या पार्किंगमध्ये तर ट्यूबसुद्धा नव्हती. अधिष्ठानाबद्दल पुढे सांगतो, ते मला तेव्हा माहीतच नव्हतं.

मजा अशी की ऑफिसमध्ये मी हे रोज करतो. सिस्टिम पडली की आम्ही नंतर पोस्टमॉर्टेम लिहितो, आणि नियम असा की त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. अमक्याने चुकीची कमांड दिली असं लिहून थांबायचं नाही. ती कमांड देणं शक्य का होतं, तिला अडवणारं काही का नव्हतं, हे लिहायचं. गुगलच्या इंजिनिअर लोकांनी २०१६ साली साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग नावाचं जे पुस्तक काढलं, त्यात यावर एक अख्खं प्रकरण आहे. कारण साधं आहे: दोष मिळणार हे ठाऊक असलं की माणसं लपवतात, आणि लपवलेली चूक पुन्हा होते. त्याच मंगळवारी रात्री अकरा वाजता मी एका ज्युनिअर मुलाला समजावत होतो की बाबा रे, तुझी चूक नाही, प्रोसेसची आहे. दोन तासांपूर्वी स्वतःच्या बापाशी कसं बोललो, ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

टोयोटाच्या कारखान्यातून आलेली "पाच वेळा का विचारा" ही पद्धतही आम्ही वापरतो. आकडा पाचच, म्हणून आधी वाटलं की दोन्ही एकच. पण नाही. "का"ची साखळी खाली खाली जाते आणि शेवटी एक मूळ कारण हातात देते. गीतेची पाच कारणं शेजारी शेजारी उभी आहेत, आणि पाचही असल्याशिवाय काही घडत नाही. एक मूळ सापडलं की माणसाला फार बरं वाटतं, विशेषतः ते मूळ दुसऱ्याच्या अंगणात सापडलं तर.

इथे एक अडचण येते, आणि ती मी टाळणार नाही. दोष पाचांत वाटला तर मग जबाबदार कोण? ऑफिसमध्ये याचा गैरफायदा घेणारे मी पाहिले आहेत. सगळा दोष "प्रोसेस"चा, म्हणजे कुणाचाच नाही. मलाही बुधवारी तो मोह झाला. फोन कट केला? कॉल चालू होता. ओरडलो? ताण होता, झोप नव्हती. चेष्टा आणि दैव! त्यात पुढचा सतरावा श्लोक तर वरवर वाचणाऱ्याला सरळ माफीनामाच वाटतो: ज्याच्यात "मी केलं" हा भाव नाही, त्याने मारलं तरी तो मारत नाही. पण पाचांच्या यादीत कर्ता आहे ना! दुसऱ्या नंबरावर आहे. भगवंतांनी त्याला एकटा ठेवला नाही, पण वगळलाही नाही. गाडी चारही चाकांवर उभी असते म्हणून एका चाकाचे नट ढिले ठेवून चालत नाही. बाकीची चार कारणं बहुतेक माझ्या हातात नसतात. पाचापैकी जे एक माझ्या हातात आहे, त्याचा हिशोब मला द्यायचा आहे, आणि तो द्यायला बसलो की बाकीच्यांकडे बोट दाखवायला वेळ उरत नाही.

बुधवारी रात्री जेवणानंतर बाबांच्या खोलीत गेलो. "बाबा, किल्लीत माझ्याच चुका जास्त निघाल्या," म्हणालो आणि गॅरेजवाल्याने सांगितलेलं सगळं सांगितलं. फोन कट केल्याचंही बोललो. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग उजवा हात पुढे करून म्हणाले, "अंगठ्यात जोरच येत नाही रे. दाबायला गेलं की कळ येते."

"कधीपासून?"

"झाले सहा महिने."

हे अधिष्ठान. सहा महिने त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मी किल्ली काढून घेईन हे त्यांना ठाऊक होतं. आणि मंगळवारी मी नेमकं तेच केलं. म्हणजे माझी दोष द्यायची सवय हेही त्या अडकण्यातलं एक कारण होतं, गॅरेजवाल्याला न दिसलेलं.

आता प्रश्न किल्लीचा राहिला नाही. बाबांनी गाडी चालवावी की नाही, हा आहे. कायद्यात खासगी गाडीला वयाची वरची मर्यादा नाही. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. बाबांचा परवाना चालू आहे. दर एकादशीला ते दोन मित्रांना घेऊन आळंदीला जातात. आई गेल्यापासून त्यांची तेवढीच एक ठरलेली गोष्ट आहे. ती मी काढून घ्यायची? माझी भीती खरी आहे, पण त्या रात्रीचं माझं फर्मान भीतीतून नव्हतं, रागातून होतं. दोन्हींत फरक आहे.

म्हणून मी याच अध्यायात पुढे गेलो, ६३व्या श्लोकापर्यंत. सगळी गीता सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. हा श्लोक मला नेहमी चकित करतो. विश्वरूप दाखवून झालंय, सगळं ठाऊक आहे, समोर युद्ध उभं आहे, आणि तरी निर्णय अर्जुनाच्या हातात परत दिला जातो. कर्त्याची जागा रिकामी ठेवली जात नाही.

मी तसं करून बघितलं. मला दिसतं ते सगळं बाबांपुढे मांडलं. अंगठा, रात्री समोरच्या दिव्यांनी होणारा त्रास, दिवाळीत गेटला घासलेला दरवाजा. डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. एका बाबतीत मात्र "वाटेल तसं करा" म्हटलं नाही. रात्रीची गाडी चालवायची नाही, कारण रस्त्यावरची पोरं त्यांचीही नाहीत आणि माझीही नाहीत. हे मी कृष्णापेक्षा जास्त बोललो का, माहीत नाही. बाकीचं "तुम्ही ठरवा" म्हणालो. पूर्वी कधी असं म्हणालो असेन, आठवत नाही.

नंबराच्या पट्टीवरून नवी किल्ली करून आणली. बाबांनी जुडगा सोडवला, गणपती देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि नवी किल्ली एकटीच दाराजवळच्या खुंटीला लावली. एकादशी शुक्रवारी आहे. आळंदीचं त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. मी रजा टाकून ठेवली आहे.