ओटीपी कुणाच्या फोनवर?

मावशीची औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. बेळगाव सोडून ती बंगळुरूला जयनगरात लेकाकडे राहायला आली, डॉक्टर बदलले, डबा तोच राहिला. मध्यंतरी सकाळी उठताना तिला दोनदा भोवळ आली. डबा पालथा केला तर रक्तदाबाच्या दोन पट्ट्या निघाल्या, एक बेळगावची, एक इथली. कंपन्यांची नावं वेगळी, औषध एकच: टेल्मिसार्टन. दोन्ही ती इमानेइतबारे घेत होती.

‘आधी काही चालू आहे का?’ असं इथल्या डॉक्टरांनी विचारलंही होतं. ‘बीपीची पांढरी गोळी,’ मावशीने सांगितलं. आता पांढऱ्या गोळीवरून कुणाला काय कळणार? दुकानदाराने कापून दिलेल्या पट्टीवर तर औषधाचं नावही धड उरलेलं नसतं.

म्हणून ‘आभा’ मला पटतं. 27 सप्टेंबर 2021 पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला हा चौदा आकडी क्रमांक. त्याला जोडलेली कागदपत्रं रुग्णाच्या संमतीने नव्या डॉक्टरांना दिसतात. अर्थात कुणीतरी आत घातलेलंच त्यात दिसतं. बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी कागदावरच होती. मावसभावाने मग एका रात्रीत सगळ्या जुन्या फायलींचे फोटो काढून ॲपवर चढवले. क्रमांकाला मोबाईल त्याचा, ओटीपी त्याला, संमतीही तोच देणार.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मावशीने हळूच विचारलं, ‘काका गेल्यावर मी त्या डॉक्टरांकडे जात होते, ते पण दिसतं काय रे त्यात?’

दिसत होतं. झोपेच्या गोळ्या, तारखा, सगळं. सुनेला तिने ते कधी सांगितलं नव्हतं. पण झोपेची गोळी डॉक्टरांना ठाऊक असायलाच हवी, भोवळ तिनेही येते. म्हणजे कागद लपवणं धोक्याचं आणि तो घरभर होणं तिला नको. कुठले कागद दाखवायचे, किती दिवस दाखवायचे, हे ठरवायची आणि संमती मागे घ्यायची सोय या व्यवस्थेत आहे. आम्ही फक्त तिला विचारलं नव्हतं. काळजीच्या घाईत आपण वडीलधाऱ्यांना किती सहज अल्पवयीन करून टाकतो!

डॉक्टरांनी तपासून एक पट्टी बंद केली. ‘आभा’ला आता मावशीचाच नंबर जोडलाय. ओटीपी आला की ती चष्मा शोधायला उठते. आम्ही थांबतो.